जमीन खरंच खचली का?

जमीन खचली का हे बघायला दोन वेळचे लायडार (लेझरने जमिनीचा आकार मोजणारे) स्कॅन घ्यायचे, एकातून दुसरा वजा करायचा की झालं, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण एकदा एका उताराचा डेटा तसाच वजा केला तर अख्खा उतार ८ सेंटीमीटर वर आलेला दिसला, अगदी कडेचा डांबरी रस्तासुद्धा! रस्ता कुठला वर येतोय, दोन स्कॅनचं अलाइनमेंट, म्हणजे एकमेकांवर बसवणं, चुकलं होतं. तेव्हापासून आधी न हललेला भाग शोधायचा, रस्ता, उघडा खडक वगैरे, त्यावरच आयसीपी (दोन स्कॅन एकमेकांवर जुळवून बसवणारी पद्धत) चालवायचं आणि मगच पुढचं बघायचं.

दुसरं म्हणजे एरर. समजा दोन्ही स्कॅनमध्ये उंचीचा एरर ५-५ सेंटीमीटर आहे, तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की साधारण ७ येतात, त्याला १.९६ ने गुणलं की जवळपास १४. म्हणजे ९५ टक्के खात्री हवी असेल तर १४ सेंटीमीटरच्या आतला फरक बदल म्हणून दाखवायचाच नाही, नकाशा कितीही लालभडक दिसू दे.

आणि उभ्या कड्याला ग्रिडवाली वजाबाकी (चौकटीगणिक उंचीतला फरक काढणं) लावू नका प्लीज, ती फक्त उभा फरक मोजते. तिथे एम-थ्री-सी-टू वापरा, २०१३ मध्ये आलेली पद्धत, ती पृष्ठभागाच्या लंब दिशेत अंतर मोजते, क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळते.

हो, आणि गवत! ग्राउंड फिल्टर (झाडं-गवत वगळून फक्त जमिनीचे बिंदू ठेवणारा) नीट लावला नाही तर वाढलेलं गवत सरळ साचलेल्या मातीसारखं दिसतं.