तुम्ही विचारलंत म्हणून: तबकड्यांचा नाद

घरी कुणी पहिल्यांदा आलं, की हॉलमधल्या उभ्या कपाटापाशी थांबतं आणि विचारतं, "एवढ्या रेकॉर्डी? आता तर सगळं फोनवर मिळतं. हा नाद तुम्हाला लागला कसा?" गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं हेच विचारलं, आणि कप्पा चाळता चाळता आणखी एक प्रश्न केला: "काकू, अब्दुल करीम खाँची ही एकच रेकॉर्ड चारदा आहे. एकच रेकॉर्ड चारदा कशाला?" तेव्हा गॅसवर दूध होतं, घाईत काहीतरी सांगून टाकलं. नीट उत्तर इथं देते.

आधी एक गोष्ट साफ सांगते. आवाज जास्त चांगला असतो म्हणून मी रेकॉर्ड ऐकत नाही. तसं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण चांगली सीडी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सारखी वाजते, रेकॉर्डचं तसं नसतं. सुई बाहेरून आत सरकत जाते. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण आतला घेर लहान होतो, म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून कमी खाच जाते. त्यामुळे बाजू संपत आली की, नेमकी द्रुत, म्हणजे गाण्याची जलद लय, रंगात आलेली असताना, आवाजाला किंचित चिरकेपणा येतो. कान सरावला की तो ऐकू येतो. मला येतो, तरी मी रेकॉर्डच लावते. म्हणजे कारण आवाजाच्या आधीच कुठंतरी आहे.

माझ्या बाबतीत ते मामांच्या हातात होतं.

माझं आजोळ सांगलीचं. मे महिन्यात दुपारची जेवणं व्हायची, आजी आडवी व्हायची, आणि मामा खिडकीचा पडदा ओढून चावीचा फोनो उघडायचे. मग टिनच्या छोट्या डबीतून नवी पिन निघायची. साउंडबॉक्सच्या, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या गोल डबीच्या, टोकाला ती बसवून मामा बारीक स्क्रू आवळायचे. एका बाजूला एक पिन. बाजू वाजून झाली की ती टाकून द्यायची, कारण जुन्या तबकडीच्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, तीन मिनिटांत ती पोलादाचं टोक झिजवते, आणि झिजलेलं टोक मग तबकडीलाच खातं. मामा फार काटकसरी. पोस्टकार्डावर पत्त्याच्या बाजूच्या समासातसुद्धा मजकूर लिहायचे. पण पिनेची काटकसर त्यांनी कधी केली नाही.

माझ्याकडे चावी देण्याचं काम. ती कमी पडली, की गाण्याच्या मध्येच सूर खाली यायला लागायचा. खाँसाहेबांचा तो बारीक, टोकदार आवाज जड होत होत पेंगायचा. मामा डोळे न उघडता नुसतं बोट हलवायचे. मी धावत जाऊन हँडल फिरवायची, आणि सूर हळूहळू वर चढून आपल्या जागी यायचा. सात-आठ वर्षांची होते मी. तो सूर मीच वर आणला असं वाटायचं. आजही कुठं खाँसाहेबांची भैरवी लागली की उजवं मनगट आपोआप वळतं.

खाँसाहेब आमच्या शेजारच्या मिरजेचे झाले होते. १९३७ साली ते गेले, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणं होतं. मामांकडच्या त्यांच्या तबकड्या गल्लीभर उसन्या जायच्या. त्या परत याव्यात म्हणून मामांनी प्रत्येकीच्या लेबलावर, मधल्या भोकाच्या खाली, निळ्या शाईनं छोटा 'द' काढून ठेवला होता. दत्तात्रयाचा द.

मला विचाराल तर नाद असाच लागतो. आपण गाण्याच्या प्रेमात नंतर पडतो, आधी गाणं ऐकणाऱ्या माणसाला बघतो. मामांच्या चेहऱ्यावर त्या दुपारी जे उतरायचं, ते मला हवं होतं. राग-ताल पुढं कितीतरी वर्षांनी कळले.

काही जणांचं मात्र नुसत्या तबकडीवर भागतं, मध्ये माणूस लागत नाही. भीमसेन जोशींची हकीकत आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. गदगमध्ये, लहानपणी, त्यांच्या कानावर अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' ही रेकॉर्ड पडली. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडलं. फिरफिर फिरून शेवटी ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचले, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. आपण डिसेंबरात शाली गुंडाळून ज्या सवाई गंधर्व महोत्सवाला बसतो, त्याचं एक मूळ असं एका तबकडीत आहे. महोत्सवाच्या मांडवात बसले की मला दरवर्षी ते आठवतं.

मधली वर्षं झटकन सांगते. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, फोनो माळ्यावर गेला. मामा गेले तेव्हा मी पुण्यात बँकेत होते. घर विकलं, सामान निघालं, तबकड्या भंगारवाल्याकडे वजनावर गेल्या. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही फोन करून सांगितलं नव्हतं की त्या माझ्यासाठी ठेवा. ही रुखरुख अजून आहे.

मग एका बुधवारी जुन्या बाजारात, पाने-पक्कड आणि पितळी कड्यांच्या ढिगाशेजारी, गोणपाटावर रेकॉर्डींचा गठ्ठा दिसला. कुण्या मांडववाल्याचा होता. प्रत्येक लेबलावर लाल ऑइलपेंटनं आकडा आणि साउंड सर्व्हिसचा जांभळा शिक्का. लग्नाच्या, गणपतीच्या, सत्यनारायणाच्या मांडवात कर्ण्यावर वाजून वाजून पांढऱ्या पडलेल्या होत्या. आकडे अशासाठी, की अंधारात, घाईत, नवरी मांडवात यायच्या वेळी हात नेमका हव्या त्या तबकडीवर पडावा. मी त्यातल्या वीस घेतल्या. घरी वाजवायला काही नव्हतं. सहा महिने नुसती लेबलं वाचत होते, कंपनीचं नाव, गायिकेचं नाव, राग, आणि लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला बारीक नंबर. मग तिन्ही वेगांचा, म्हणजे मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे देणारा, एक जुना प्लेअर मिळाला.

पहिल्याच महिन्यात एक तबकडी मी घालवली. हिराबाई बडोदेकरांची होती. एका दुकानदारानं सांगितलं, स्पिरिटनं पुसा, लख्ख होईल. कापूस फिरवला आणि तो काळा झाला. मला वाटलं मळ निघतोय, म्हणून आणखी पुसली. तो मळ नव्हता, तबकडीच विरघळत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतारकामातलं लाखेचं पॉलिश बनतं तेच मुळी असं. विनाइलच्या एलपीला, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डला, पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, लाखेच्या तबकडीला कधीही नाही. सुताराच्या पोरालाही हे ठाऊक असतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता भेटेल त्याला सांगते.

लाख हे किड्याचं देणं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर ते किडे तिचा थर चढवतात. ती आपल्याच जंगलांतून जगभर गेली, तिच्या तबकड्या झाल्या, आणि त्यांवर आपली माणसं गायली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला यंत्र घेऊन आला आणि नोव्हेंबरात गायिका गौहर जाननं त्याच्यासाठी गाणी दिली. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिराला हा आवाज कुणाचा ते कळावं म्हणून. नंतर, १९०८ मध्ये, कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ती गरज संपली. तरी गाण्याच्या शेवटी नाव सांगणारा माणसाचा साधा बोलण्यातला आवाज ऐकला, की माझ्या अंगावर काटा येतो. गाणारा आवाज कसून तयार केलेला असतो. नाव सांगणारा आवाज घरातला असतो.

दहा इंची तबकडीत तीन मिनिटं आणि वर थोडी सेकंदं मावतात. बालगंधर्वांचं पद नाटकात वन्समोअरवर वन्समोअर घेत रंगायचं, ख्याल गाणारे एकेका रागाला तासभर देत. त्यांना सांगितलं गेलं, जे काय सांगायचं ते तीन मिनिटांत. काहींनी घाई केली, ते ऐकताना आपल्यालाच धाप लागते. पण चांगल्या तबकडीत एकही जागा भरतीची नसते. केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो' ऐका. साडेतीन मिनिटं आहेत, आणि संपते तेव्हा मैफिलीतून उठल्यासारखं वाटतं. हीच रेकॉर्ड १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. दोहोंतलं नंतरचं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीसोबत शास्त्रज्ञांनी सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिजही ठेवलंय, वरच्या झाकणावर ती कशी वाजवायची याची चित्रं कोरून. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा सूर सूर्यमालेबाहेर चाललाय, आणि ज्यांनी पाठवला त्यांना ठाऊक होतं की नुसती तबकडी देऊन भागत नाही, पिनही द्यावी लागते. मामांना हे फार आवडलं असतं.

एलपीची गोष्ट वेगळी. १९४८ मध्ये अमेरिकेत ती निघाली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. एक बाजू बावीस मिनिटांची धरली तर सातशेच्या वर फेरे होतात, आणि ती एकच सलग खाच उलगडून मांडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. एवढं अंतर सुई चालत जाते, आणि मग थांबते. तुम्हाला उठावं लागतं. लोक याला गैरसोय म्हणतात. मी याच्यासाठीच एलपी लावते. बावीस मिनिटांनी उठायचंय हे माहीत असलं, की तोवर माणूस भाजी निवडायला घेत नाही, फोन हातात घेत नाही. आमच्या घरात तेवढा वेळ कुणी कुणाला हाकही मारत नाही, हे कुणी ठरवलेलं नाही, आपोआप झालं.

मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. त्यांची श्रवणसत्रं झाली, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक निघालं, आणि कुठल्या कंपनीनं कुणाचं काय कधी मुद्रित केलं याच्या याद्या लोकांनी नोकरी सांभाळून, हौसेनं केल्या. संगीताच्या इतिहासाचं एवढं मोठं काम आपल्याकडे कपाटं भरणाऱ्या माणसांनी केलंय, याचा मला अभिमान आहे. ज्या गाण्याला आपण 'नेटवर आहे की' म्हणतो, ते बहुतेक वेळा असल्याच कुणाच्या तरी तबकडीवरून चढवलेलं असतं. त्याची खरखर ऐका, कळेल.

खालच्या मुलीनं विचारलं, मी सुरुवात कुठून करू? तिला सांगितलं, महागड्या नव्या छपाईच्या मागे लागू नकोस. आधी एक बरा प्लेअर घे, ज्यात सुईचा भार दीड-दोन ग्रॅमवर लावता येतो. लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नकोस, त्यांची खाच तिपटीनं रुंद, सुई तळाला घासत जाते. रेकॉर्डी एकीवर एक रचू नकोस, पुस्तकासारख्या उभ्या ठेव. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा ऊन पडलं की कपाट उघडं ठेव, पण तबकडी उन्हात नको, वाकते. आणि पहिली रेकॉर्ड स्वतः निवड, मी देणार नाही. मग तिला एलपी लावायला दिली. कडेला धरून, तळहातांत तोलून तिनं ती ठेवली, सुई खाली आणताना श्वास रोखला. पहिली खरखर झाली आणि सूर लागायच्या आधीची ती दोन सेकंदं ती माझ्याकडं बघत होती, बहुतेक मी कशी ऐकते ते बघायला.

राहिला चार प्रतींचा प्रश्न. खाँसाहेबांची ती तबकडी जिथं दिसेल तिथं मी घेते, चरे पडलेली असली तरी, काठ तुटलेली असली तरी. दुकानदार म्हणतो, ताई, ही तुमच्याकडं आहे की. मी लेबल उजेडात धरते, मधल्या भोकाच्या खाली बघते. सांगलीचं भंगार कुठं कुठं गेलं असेल, पुण्यात यायला काहीच हरकत नाही. कधी शाई उडाल्यासारखा निळसर डाग दिसतो, तेव्हा घरी आणून भिंगाखाली बघते. चारही तशाच आणलेल्या. एकीवरही 'द' नाही. उद्या बुधवार आहे.