तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कॉलेज का बदललं

लग्नात, एसटीत, किराणा दुकानात, आईच्या भिशीत, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतोच. युक्रेनमधलं खारकीवचं मेडिकल कॉलेज सोडून जॉर्जियाला का गेलीस? इकडच्याच कॉलेजात का नाही घेतलं तुम्हाला? युद्धामुळेच ना? शेवटचा तर प्रश्नही नसतो, उत्तर त्यांनीच देऊन टाकलेलं असतं, मी नुसती मान हलवते आणि विषय संपतो. आता मान हलवायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

युद्धामुळे मी शहर सोडलं. कॉलेज युद्धामुळे नाही सोडलं. 2 मार्च 2022 ला खारकीवमधून बाहेर पडले आणि जॉर्जियात तिबिलिसीला पोचले ती फेब्रुवारी 2023 मध्ये, मधल्या वर्षभरात मी घरीच होते आणि खारकीवचीच विद्यार्थिनी होते. बंकर, पेसोचीनपर्यंतची पायपीट, बॉर्डर हे सगळं तुम्ही टीव्हीवर बघितलंय, मला ते परत सांगायचं नाहीये. मधल्या वर्षाबद्दल मात्र कुणी विचारतच नाही.

आधी ते "इकडेच का नाही". तेव्हा हे मी स्वतःच ओरडून विचारत होते हो. 2022 च्या उन्हाळ्यात मुंबईला आझाद मैदानात बोर्ड घेऊन बसले होते, आम्हाला भारतातल्या कॉलेजात सामावून घ्या म्हणून, पप्पा शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसलेले. जुलैमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की तशी परवानगी दिलेली नाही. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टातल्या ॲफिडेव्हिटमध्ये लिहिलं की ही मुलं बाहेर गेली त्याची कारणं दोन, नीटमधलं कमी मेरिट आणि परवडणारी फी. तो मजकूर वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, कारण माझ्याबाबतीत दोन्ही खरं होतं. नीटला 431. सरकारी लागत नव्हतं, आणि प्रायव्हेटची एका वर्षाची फी पप्पांच्या दोन वर्षांच्या पगारात बसत नव्हती. आम्ही लातूरचे, आमच्याकडे नीटचे मार्क जातीच्या आधी विचारतात, त्यामुळे 431 म्हणजे काय हे मला कोर्टाच्या कागदातून कळायची गरज नव्हती.

त्याच दसऱ्याला मावसभाऊ सोनं द्यायला आला. माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान, दोनदा रिपीट केलेला, नुकताच निकाल लागून सरकारी सीट जवळजवळ पक्की झालेली. आपट्याची पानं हातात देऊन पाया पडला आणि उठता उठता हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नको, पण तुला अशीच सीट मिळाली असती तर मी दोन वर्षं कशाला घासली?" राग आला, खूप आला. पण त्याला द्यायला उत्तर नव्हतं. आजही नाहीये. आझाद मैदानातली मी खोटी होते असं मी म्हणणार नाही, आम्ही खरंच अडकलो होतो, पण तोही खरंच बोलला.

आणि "एका कॉलेजातून दुसऱ्यात तर सर्रास जातात" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की देशातल्या देशात बदली मागणाऱ्यांचेही हालच होते. आधी फर्स्ट इयर पास झाल्यावर, दोन्हीकडची एनओसी मिळाली, तर पाच टक्क्यांच्या मर्यादेत मायग्रेशन व्हायचं. 2023 च्या नियमांनी तेही बंद केलं, मग 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती सरसकट बंदी रद्द केली. सर्रास काही नसतं.

आता मधलं वर्ष. सप्टेंबर 2022 ला थर्ड इयर सुरू झालं, ऑनलाइन. थर्डला आम्हाला प्रोपेड्यूटिक्स असतं, म्हणजे पेशंट कसा तपासायचा ते, बघायचं, हात लावायचा, ठोकायचं, ऐकायचं. ज्या मॅडम शिकवायच्या त्या खारकीवमध्येच होत्या. ऑक्टोबरमध्ये वीज केंद्रांवर हल्ले सुरू झाल्यावर त्यांच्याकडे लाईट जायची, मग त्या इमारतीच्या जिन्यात बसून मोबाईलवरून शिकवायच्या, सायरन झाला की म्हणायच्या दहा मिनिटं द्या. त्या माणसाबद्दल मी एक वाकडा शब्द लिहिणार नाही. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची छाती कॅमेऱ्यासमोर ठोकून आम्हाला पर्कशन दाखवलं. डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर घट्ट टेकवायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर मनगटातून दोन टोले द्यायचे. हवा असली की घुमतं, पाणी असलं की दगडावर ठोकल्यासारखं बद्द लागतं. पुस्तकात त्याला स्टोनी डल म्हणतात. मोबाईलच्या स्पीकरवर मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू यायचे.

नोव्हेंबरमध्ये आजी खोकत होती. तिला वाटायचं दिवाळीच्या तळणाने घसा धरलाय. मला प्रॅक्टिससाठी कुणीतरी हवंच होतं, पप्पांची पाठ ठोकून झाली होती, आईची झाली होती, म्हणून आजीला ओसरीत पाटावर बसवलं, पदर खाली घेतला. आजी बारीक, हाडं दिसतात, बोट नीट टेकतसुद्धा नाही. वरून खाली येत गेले, डावीकडे घुमत होतं, उजवीकडे खालच्या बाजूला घुमेना. परत ठोकलं. बद्द. बोट सरकवलं, परत बद्द. बोटाखाली ते वेगळं लागतही होतं, कठीण. आजी म्हणाली, "काय गं, काय सापडलं का?" आणि मी काय केलं तर माझं बोट नीट टेकलं नाही असं ठरवलं. मी आयुष्यात खरा डल आवाज ऐकलेलाच नव्हता ना, मग हाच तो असेल असं कशावरून म्हणू? मला वाटलं मनगट चुकतंय. "काही नाही आजी, मलाच अजून येत नाही" म्हणाले, तिचा पदर वर केला, वहीत पर्कशनपुढे टिक केली.

बारा दिवसांनी तिला जिना चढवेना. लातूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे लाइटबॉक्सवर लावला, उजवीकडे खालची बाजू पांढरीफटक. त्यांनी आजीला वाकून बसवलं, ठोकलं, मला बोलावलं, "मेडिकलला आहेस ना, ये, ठोकून बघ." मी ठोकलं. तोच आवाज. तोच, बारा दिवसांपूर्वी ओसरीत ऐकलेला. डॉक्टर म्हणाले, "हा असा लागला की आयुष्यभर विसरत नाहीस." मी हो म्हणाले. मी आधीच ऐकलाय हे त्यांना सांगितलं नाही, पप्पांना सांगितलं नाही, आजीला तर आजपर्यंत सांगितलेलं नाही. सुईने आठशे मिली पिवळसर पाणी काढलं. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या आणि ती बरी झाली, आजही सकाळी अंगण झाडते.

म्हणजे तसं काही बिघडलं नाही. बारा दिवसांनी फार फरक पडला नसता असं मला नंतर दोन-तीन जणांनी सांगितलं, मी कुणा दुसऱ्याची केस म्हणून विचारलं होतं. पण त्या रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी मोबिलिटीचा फॉर्म उघडला. 6 सप्टेंबरला एनएमसीची, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनची, नोटीस आली होती की युक्रेनच्या मुलांनी तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या युनिव्हर्सिटीत शिकलेलं चालेल, डिग्री मूळ युनिव्हर्सिटीचीच राहील. तीन महिने ती नोटीस माझ्या मोबाईलमध्ये पडून होती. मी नाही म्हणत होते, खारकीव सुरू होईल, मॅडम एवढं करतायत, आपण सोडून जायचं नाही वगैरे. आजीच्या पाठीने ते सगळं संपवलं. मला पेशंट हवे होते, कुठल्याही देशातले.

म्हणून खरं तर कागदावर माझं कॉलेज बदललेलंच नाही. शिकते तिबिलिसीत, डिग्रीवर नाव खारकीवचं येणार. हे नातेवाइकांना समजावताना मी थकते, मग "ट्रान्सफर" म्हणून टाकते. सोपं काहीच नव्हतं. ट्रान्सक्रिप्टमधले विषय आणि तास जुळेनात, ॲकॅडमिक डिफरन्सच्या नावाखाली चार विषय जास्तीचे दिले, फी जास्त, काकांनी सोयाबीनचे पैसे दिले ते अजून फिटलेले नाहीत.

मॅडमना मेल करायला मला आठ दिवस लागले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रॅक्टिकलच्या नोंदी सही करून पाठवल्या, खाली एवढंच, तिथे रोज वॉर्डला जा. माझी रूममेट मात्र परत युक्रेनला गेली, पश्चिमेकडे उझ्होरोदला, आणि तिचं म्हणणं की मी पळाले. आमचं आता फक्त वाढदिवसाला बोलणं होतं. तिलाही तिथे पेशंट मिळाले, सायरनमध्ये मिळाले. कधी वाटतं तीही माझ्यासारखीच वॉर्ड शोधत होती, फक्त तिने दुसरा रस्ता धरला. कधी वाटतं मी खरंच घाबरले होते आणि आजीचं कारण मला बरं सापडलं. यावरून मी स्वतःशी बऱ्याचदा भांडले आहे, निकाल लागलेला नाही.

तिबिलिसीतल्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारे पेशंट होते. मला जॉर्जियन येत नव्हतं, त्यांना इंग्लिश येत नव्हतं, पण जुन्या पिढीला रशियन येतं आणि खारकीवमध्ये मी कामापुरतं शिकले होते. मी म्हणाले "दिशीते", श्वास घ्या. त्यांनी घेतला. उजवीकडे खाली बोट टेकवलं आणि ठोकलं. घुमलं. मी परत ठोकलं, मग अजून एकदा, तेव्हा सरांनी विचारलं इतक्या वेळा काय बघतेस, मी म्हणाले खात्री करतेय.

मागच्या सुट्टीत घरी गेले तर आजी आपणहून पाटावर येऊन बसली, "बघ की गं, आता येतं ना तुला?" मी बघितलं. सगळीकडे घुमत होतं. तिला सांगायचं होतं ते त्याही दिवशी राहिलं.