भरती-ओहोटीची लायब्ररी: फंक्शनने परत नेमकं काय द्यायचं

मंडळी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची काढणारी कोड लायब्ररी मी लिहितोय, तिचं गणित आता बसलंय. चंद्र-सूर्याच्या ओढीचे एम२, एस२, के१, ओ१ असे जे घटक असतात, त्यांच्या आणि बाकीच्यांच्या लहरींची बेरीज केली की गोव्यातल्या मुरगावची पाण्याची उंची निघते, सर्व्हे ऑफ इंडियाच्या टाइड टेबलशी ताडून बघणं चालू आहे. पण या खेपेचा जवळजवळ सगळा वेळ गेला तो रिटर्न टाइप, म्हणजे फंक्शनने कुठल्या प्रकारचं उत्तर परत द्यायचं ते, ठरवण्यात, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. प्रोग्रामिंगची भाषा रस्टच आहे.

सुरुवात "या तारखेच्या भरत्या-ओहोट्या दे" या फंक्शनपासून. फोंड्याचा एक मित्र मोबाइल विजेट करतोय, त्याचं म्हणणं सरळ चारचा अ‍ॅरे दे, म्हणजे चारच घरांची यादी, दोन भरत्या दोन ओहोट्या, मला चार चौकोन भरायचेत. ऐकायला बरोबर वाटतं, कारण आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण चंद्राचा दिवस साधारण २४ तास ५० मिनिटांचा, दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटं, म्हणजे काल रात्री ११:५० ला भरती आली तर पुढची आज दुपारी १२:१५ ला आणि त्यापुढची रात्री १२:४० ला, जी तारखेने उद्याची झाली. आजच्या तारखेत भरती एकच! त्यात आपल्याकडच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात, के१ आणि ओ१ हे दिवसातून एकदाच येणारे घटक मधे असतात, त्यामुळे वेळा अजून पुढेमागे सरकतात. समुद्र चारची हमी देत नसेल तर माझ्या टाइपने कशी द्यायची? चौथ्या घरात शून्य भरून दिलं असतं तर ते विजेटवर शून्य मीटरची ओहोटी म्हणून दिसलं असतं, आणि कोणीतरी तिसऱ्या (शिंपल्या) काढायला त्या वेळी खाडीत उतरलं असतं.

मग व्हेक (कितीही लांबीची तयार यादी) द्यायचा की इटरेटर (मागेल तशी एकेक नोंद काढून देणारा)? यावर मी सगळ्यात जास्त घोळलो. पॅरामीटर (फंक्शन आत घेतं ते) आणि रिटर्न यांचा स्वभाव उलटा असतो, पॅरामीटरमध्ये आज कमी प्रकार घेतले तर उद्या जास्त घेता येतात, रिटर्नमध्ये आज कमी शब्द दिला तर उद्या जास्त देता येतो पण दिलेला शब्द मागे घेता येत नाही. व्हेक दिला की घेणारा त्याची लांबी विचारणार, तिसरं घर थेट उचलणार, सॉर्ट करणार, आणि हे सगळं कायमचं माझ्या गळ्यात. उलट नुसता "इम्पल इटरेटर" दिला, म्हणजे हा कुठलातरी इटरेटर आहे एवढंच सांगितलं, तर आत मी काहीही बदलू शकतो. ही सोय रस्टमध्ये १.२६ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. पण तिची अडचण अशी की त्या टाइपला नाव नसतं, मग विजेटवाल्याला तो आपल्या स्ट्रक्टच्या (स्वतःच्या डेटा-रचनेच्या) फील्डमध्ये ठेवायचा झाला तर बॉक्समध्ये गुंडाळा नाहीतर टाइपची जागा मोकळी सोडणारं जेनेरिक लावा. स्टँडर्ड लायब्ररी बघा, स्ट्रिंगवर कॅरेक्टर्स मागितली की "चार्स" नावाचा स्वतंत्र टाइप मिळतो, हॅशमॅपच्या कीज मागितल्या की "कीज" मिळतो, आतलं सगळं झाकलेलं पण नाव हातात.

शेवटी मी दोन वाटा केल्या. एका तारखेसाठी व्हेक, कारण तिथे मोजून तीनचार नोंदी, हिशेब आधीच झालेला, आळशीपणे एकेक काढून काही वाचत नाही आणि लोकांना लांबी हवीच असते. "या क्षणापासून पुढे" साठी नाव असलेला इटरेटर, कारण ती यादी संपतच नाही, तिथे व्हेक देणं शक्यच नाही. एकच नियम सगळीकडे लावायचा हट्ट मला पटत नाही.

ऑप्शनमध्ये (म्हणजे "आहे किंवा काही नाही" अशा टाइपमध्ये) गुंडाळलेला व्हेक मात्र कुठेही ठेवला नाही. "काही नाही" सांगायच्या दोन तऱ्हा झाल्या की प्रत्येक घेणारा दोन्ही तपासत बसतो. रिकामी यादी पुरते.

पुढची भरती देणारं फंक्शन सरळ भरतीच देतं, ऑप्शन नाही, रिझल्ट (उत्तर किंवा एरर) नाही. हे जमलं कारण सगळी चौकशी दारातच केली, स्टेशन (एका ठिकाणचे घटक) तयार करणारं फंक्शन रिझल्ट देतं आणि एकही घटक शून्याहून मोठा नसेल तर स्टेशनच बनू देत नाही. एकदा स्टेशन हातात आलं की पुढची भरती आहेच, कधी ना कधी. ही मांडणी मला फार आवडलीय.

वर्षभराच्या टेबलातून शोधताना मात्र वेळ टेबलाबाहेरची असू शकते, तिथे रिझल्ट लागतोच. एररमध्ये काय घालायचं हे मी रस्टच्या बायनरी सर्चकडून (क्रमाने लावलेल्या यादीत शोधणारं फंक्शन) घेतलं. सापडलं तर ओके मध्ये जागा, नाही सापडलं तर एररमध्ये ती वस्तू जिथे घालता येईल ती जागा, म्हणजे शोधायला केलेली मेहनत फुकट जात नाही. जावामध्ये हीच माहिती उणे चिन्हात दडवून येते, जागेचं उणे करून अजून एक वजा, आणि पायथनचं फाइंड तर न सापडल्यावर उणे एक देतं, जो पायथनमध्ये चालणारा इंडेक्स आहे, शेवटचं अक्षर! तपासायला विसरलात तर प्रोग्राम न थांबता चुकीचं उत्तर देत राहतो. तर माझ्या एररमध्ये टेबलाची पहिली आणि शेवटची वेळ असते, घेणाऱ्याला लगेच कळतं कुठलं वर्ष लोड करायचं. एररच्या इनमला (प्रकारांच्या यादीला) नॉन एक्झॉस्टिव्ह, म्हणजे "यादी अजून वाढू शकते" अशी खूण, लावलीय, उद्या नवा प्रकार वाढला तर कुणाचा कोड मोडायला नको.

आता ज्यावर वाद झाला ते. कयाकवाल्या मंडळींना "आत्ता जाऊ का" असं विचारलं की हो किंवा नाही देणारं फंक्शन हवं होतं. मी ते दिलेलं नाही आणि देणारही नाही. माझ्या गणिताला चंद्र आणि सूर्य कळतात, जुलैत घाटावर कोसळलेला पाऊस मांडवीत किती पाणी आणतो हे कळत नाही, वारा कळत नाही, पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा बार किती चढलाय हे तर अजिबात नाही. जे आपल्याला माहीतच नाही त्याचं हो-नाही कसं करायचं? त्याऐवजी "पाणी अमुक उंचीच्या वर कधी कधी असेल" हे वेळांच्या जोड्यांत परत मिळतं, ठरवायचं ज्याने त्याने नदी बघून. हेच फंक्शन खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची) मानस (पाण्याचं दार) बघणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली कधी जाणार हाच त्यांचा प्रश्न असतो. आणि उंची नुसता फ्लोट म्हणून जात नाही, "भाकीत उंची" असा वेगळा टाइप आहे, चार्ट डेटमपासून (समुद्री नकाशाच्या शून्य पातळीपासून) मीटरमध्ये, म्हणजे सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेल्या आकड्यात कुणी चुकून मिसळायला गेलं तर कंपाइलरच अडवतो.

राहिलेलं काम: इटरेटर स्टेशनला बांधलेला ठेवायचा की घटकांची कॉपी करून मोकळा सोडायचा. बांधलेला हलका पडतो, मोकळा दुसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामावर) पाठवायला सोपा. इथे एक बारीक गोष्ट, सेंड आणि सिंक हे गुण (टाइप दुसऱ्या थ्रेडवर पाठवता किंवा वाटून वापरता येतो का ते सांगणारे) टाइपच्या आतून बाहेर झिरपतात, फंक्शनच्या सहीत (सिग्नेचरमध्ये) कुठे लिहिलेले नसले तरी, म्हणजे उद्या मी आत आरसी (एकाच थ्रेडपुरता चालणारा सामायिक पॉइंटर) वापरला की कुणाचा तरी थ्रेडवाला कोड कंपाइल व्हायचा बंद होईल. म्हणून टाइप सेंड आहे हे तपासणारी एक टेस्ट आत्ताच टाकून ठेवलीय. तुमच्यापैकी कोणी हे बॅकग्राउंड थ्रेडवर चालवणार असाल तर सांगा, त्यावरून बांधलेला की मोकळा हे ठरवतो आणि मग चापोऱ्याचं स्टेशन घेतो.