जपानी सैन्यावरची पुस्तकं निवडताना

नेताजींची चरित्रं वाचली की इंफाळची मोहीम येते, पाऊस येतो, माघार येते. पण सोबत लढणारं जपानी सैन्य एखाद्या परिच्छेदात उरकलेलं असतं. मला त्या परिच्छेदामागचं वाचायचं होतं. इंग्रजीत पुस्तकं चिक्कार, आणि निम्म्यांच्या मुखपृष्ठावर तलवार नाहीतर उगवता सूर्य.

मग इंफाळचीच कसोटी लावली. पुस्तक मिळालं की मागच्या सूचीत 'मुतागुची' शोधायचं आणि ती पानं आधी वाचायची. मार्च 1944 मध्ये या सेनापतीने आपलं 15वं आर्मी ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीपार नेलं. बरोबर जेमतेम तीन आठवड्यांचं धान्य. पुढची सोय ब्रिटिशांचे साठे हाती लागतील या भरवशावर. कोहिमाला रसद येईना म्हणून 31व्या डिव्हिजनचा सेनापती सातो हुकूम मोडून मागे फिरला. मोहीम चालू असतानाच मुतागुचीने आपल्या तिन्ही डिव्हिजनचे सेनापती बदलले. एवढं सगळं 'सामुराई वृत्ती' म्हणून झटकणारं पुस्तक मी खाली ठेवायचो. तांदूळ, ओझ्याचे बैल, मलेरिया यांचा हिशेब देणारं आणि वरच्यांनी ही योजना मंजूर का केली हे विचारणारं पुस्तक घ्यायचो.

दुसरी चाळण तळटीपांची. ऑगस्ट 1945 मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी सैन्याने कागदपत्रांचे ढीगच्या ढीग जाळले. त्यामुळे बराच इतिहास अधिकाऱ्यांच्या आठवणींवर उभा राहिला, आणि आठवणी सोयीच्या असतात. 1942 च्या मिडवेच्या आरमारी लढाईचंच घ्या, जिथे अमेरिकेने जपानला हरवलं. जपानी विमानं उड्डाणाच्या तयारीत जहाजांच्या डेकवर उभी होती, फक्त पाच मिनिटं कमी पडली आणि घात झाला, ही जपानी नौदलाचा वैमानिक अधिकारी फुचिदा याची गोष्ट इंग्रजीत वर्षानुवर्षं चालली. पार्शल आणि टली यांच्या 'शॅटर्ड स्वोर्ड'ने 2005 मध्ये जपानी नोंदी लावून ती मोडीत काढली. गंमत अशी की जपानच्या 102 खंडांच्या सरकारी युद्धेतिहासात ती 1971 मध्येच खोडली गेली होती. इंग्रजीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून मूळ जपानी साधनं वाचणाऱ्या लेखकाला माझं झुकतं माप. अर्थात त्या सरकारी खंडांवरही डोळे मिटून विश्वास नको. ते मुख्यतः माजी अधिकाऱ्यांनीच लिहिले, आणि चीनमधल्या अत्याचारांपाशी त्यांची लेखणी अडखळते.

डिसेंबर 1941 च्या पर्ल हार्बर हल्ल्यापासून सुरू होणारी पुस्तकं मी मागे ठेवली. चीनमध्ये पूर्ण युद्ध 1937 पासून पेटलेलं होतं आणि शेवटीही तिथे दहा लाखांवर जपानी सैनिक होते. कणा म्हणून एडवर्ड ड्रिया यांचा 1853 ते 1945 चा सैन्येतिहास घेतला. लष्कर मंत्रिमंडळाला का जुमानत नव्हतं, हे तिथे नीट उमगलं. फुजिवारा अकिरा या इतिहासकाराचं काम मात्र मला इतरांच्या पुस्तकांतूनच भेटलं. जपानच्या सुमारे 23 लाख मृत सैनिकांपैकी साठेक टक्के उपासमारीने किंवा कुपोषणातून आलेल्या आजारांनी गेले, असा त्यांचा अंदाज. तो वाचल्यावर लढायांचे नकाशे असलेली दोन जाडजूड पुस्तकं यादीतून काढली.

किंमतींबद्दल काय बोलावं! परदेशी हार्डकव्हर झेपत नाहीत. जुनी प्रत किंवा किंडल.

सध्या मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईवर अडलोय. मार्च 1944 मध्ये पॅराशूट ब्रिगेडसोबत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने तिथे जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. ब्रिटिश बाजूची वर्णनं हाताशी आहेत. समोरच्या 58व्या रेजिमेंटच्या बाजूने लिहिलेलं काही इंग्रजीत मिळतंय का, ते शोधतोय.