शिडीची विमानं

बोर्डिंग पासवरचा गेट नंबर बघितला की नेहमीच्या प्रवाशाला लगेच कळतं, आज एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून विमानाच्या दाराला लागणारा बंद पूल, आहे की बस. वरच्या मजल्यावरचं गेट असेल तर गार हवेच्या बोगद्यातून थेट विमानात. तळमजल्याचं असेल तर सरकत्या जिन्यानं खाली, काचेच्या दारापाशी रेटारेटी, मग बस आणि मग शिडी. तळमजल्याचा नंबर निघाला की बऱ्याच जणांची तोंडं उतरतात. मला मात्र बरं वाटतं. बसबद्दल पुढे बोलूच, तिची तरफदारी मी करणार नाही. पण शिडीनं विमानात चढायला मला मनापासून आवडतं.

एरोब्रिजमधून गेलं की विमान दिसतच नाही. एका दालनातून निघायचं, दोन्ही बाजूंच्या बँकांच्या आणि म्युच्युअल फंडांच्या जाहिराती वाचत उतरणीवरून चालायचं आणि दुसऱ्या दालनात शिरायचं. विमान म्हणून जे काही दिसतं ते दाराभोवतीचा हातभर पत्रा. त्यातही पुढच्या माणसाची बॅग आडवी आली तर तेवढंही नाही. शिडीपाशी उभं राहिलं की मात्र विमान डोक्यावर येतं. शेपूट मान वर केल्याशिवाय दिसत नाही. चाकांना लावलेले पिवळे ठोकळे दिसतात, पत्र्यावरच्या रिबिटांच्या रांगा दिसतात, दाराच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेल्या सूचना दिसतात. आणि वास येतो. विमानाचं इंधन म्हणजे शेवटी चांगलं गाळलेलं रॉकेलच. ज्यांच्या घरी पिन मारायचा स्टोव्ह होता त्यांना तो वास ओळखायला वेळ लागत नाही.

पुण्याहून निघालेल्या एका विमानाच्या शिडीपाशी काशीयात्रेला चाललेल्या बायकांचा घोळका माझ्यापुढे होता. सगळ्यांच्या गळ्यात यात्रा कंपनीची ओळखपत्रं, हातात एकसारख्या पिशव्या. त्यातल्या एका आजींनी पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि तिथंच थांबून वर बघत राहिल्या. शिडीशी उभा असलेला, पिवळं जाकीट घातलेला पोरगा म्हणाला, "आजी, चला पुढं, रांग थांबलीय." आजी जागच्या हलल्या नाहीत. "थांब की बाबा. एवढं थोरलं धूड, उडतंय व्हय रं ह्ये?" पोरगा म्हणाला, "उडतंय की आजी, दिवसातनं चार-पाच बार उडतंय." मग पदर सावरत, कठडा धरत आजी चढल्या. बोगद्यातून गेल्या असत्या तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

अर्थात ही शिडी आपल्या कौतुकासाठी कुणी लावलेली नसते. तिच्यामागे पक्का हिशेब असतो. बऱ्याच विमानतळांवर पुलाचं भाडं विमान कंपनीला वेगळं मोजावं लागतं, तो खर्च वाचतो. पण खरी गोम भाड्यापेक्षा मिनिटांत आहे. पूल साधारणपणे पुढच्या एकाच दाराला लागतो. एकशे ऐंशी माणसं एका चिंचोळ्या वाटेनं आत घ्यायची, त्यात प्रत्येक जण बॅग वर ठेवताना वाट अडवणार. शिडी लावली की मागचं दारही वापरता येतं. अर्धे पुढून, अर्धे मागून. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा ते छदामही कमवत नाही, उलट खातंच. दिवसात सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाची प्रत्येक थांब्यावर पंधरा मिनिटं वाचवली तर संध्याकाळपर्यंत दीड तास हाताशी येतो. दीड तासात मुंबईहून गोवा गाठता येतं.

या हिशेबातला उस्ताद म्हणजे आयर्लंडची रायनएअर. एक विमान उतरल्यापासून पंचवीस मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे, हा तिचा खाक्या. ती वापरते ते बोइंग ७३७ मुळात १९६० च्या दशकात, लहानसहान विमानतळ डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं, म्हणून बसकं, जमिनीलगतचं. त्याच्या पुढच्या दाराखाली पोटातच घडीची शिडी बसवता येते. वजन वाढतं आणि वजन म्हणजे इंधन, त्यामुळे पुष्कळ कंपन्या ती शिडी घेतच नाहीत. रायनएअर आवर्जून घेते. विमान थांबलं की पोटातून शिडी बाहेर, लोक खाली. ना पुलाची वाट बघायची, ना कुणी बाहेरून शिडी ढकलत आणण्याची. याच कंपनीनं सीटमागचा कप्पाही काढून टाकला आहे. कप्पाच नाही म्हटल्यावर त्यात सालं, कागद कोंबणार कुठे आणि साफ करायला वेळ लागणार कसा! सुरक्षेच्या सूचना पुढच्या सीटच्या पाठीवरच चिकटवलेल्या. कंजूषपणालाही एक शिस्त लागते आणि ती बघून मला उगाचच आदर वाटतो.

तिकडे बऱ्याच विमानतळांवर लोक इमारतीतून निघतात आणि आखलेल्या पट्ट्यांमधून सरळ चालत विमानापाशी जातात. कोपनहेगनला २०१० मध्ये स्वस्त विमानांसाठी वेगळा भाग काढला, तोही असाच, पुलांशिवायचा. आपल्याकडे ही मजा कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी मिळते. तिथं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, असेल तर त्याचं मागचं दार खाली उघडतं आणि तेच पायऱ्या होतं. सामान पुढे, माणसं मागे. मोठ्या विमानतळांवर मात्र विमान लांब उभं केलेलं असतं आणि मोकळं चालू देणं धोक्याचं, म्हणून बस.

आता बस. शिडीचा जो काही आनंद आहे तो ही बस आधीच वसूल करते. बसायला जागा नावापुरती, बाकी सगळे दांड्याला लोंबकळत. भरली तरी सुटत नाही, कारण दोन प्रवासी अजून दुकानात परफ्यूम हुंगत असतात. सुटली की अख्ख्या विमानतळाला प्रदक्षिणा घालून अशा ठिकाणी थांबते, जिथून आपण निघालो ते गेट समोर दिसतं. आणि दार उघडलं की सगळ्यात शेवटी, पळत येऊन चढलेला माणूस सगळ्यात आधी उतरतो, कारण तो दाराशीच असतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या देशात हा न्याय कुणाला पटत असेल असं वाटत नाही. युरोपातला चालण्याचा हिशेब इथं येताना बसवर बसून आला आणि वाचवलेली मिनिटं बरीचशी प्रवाशाच्या खात्यातून गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात तर मुंबईत बघायलाच नको. बसच्या दारात एक जण मोठी छत्री हातात देतो, शिडीच्या पायथ्याशी दुसरा ती काढून घेतो. मधल्या वीस पावलांत छत्री उलटी होते. नागपूरला मे महिन्यात छत्रीही नसते. त्या सिमेंटवर चपलेच्या तळव्यातून चटका वर येतो. गुडघे दुखणाऱ्यांचं तर बोलूच नका. माझी आत्या पायऱ्या मोजत चढते आणि वर पोचली की हवाई सुंदरीच्या नमस्काराला उत्तर न देता आधी आधार शोधते. या बाबतीत इंडिगोला एक श्रेय द्यायला हवं. शिडीऐवजी नागमोडी उतार लावायची पद्धत तिनं इथं रुळवली. त्यावरून चाकाची खुर्ची थेट वर ढकलत नेता येते. त्याच कंपनीनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये उतरण्यासाठी पुढे दोन आणि मागे एक अशा तीन वाटा वापरायचं जाहीर केलं. तेरा-चौदा मिनिटांचं काम सात-आठ मिनिटांत होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. आत्याचे गुडघे आणि कंपनीची मिनिटं यांचं एकाच वेळी भलं झालेलं मी क्वचितच बघितलंय.

विमान लांब उभं करण्याचा हिशेब चुकला की काय होतं, ते २०२४ च्या जानेवारीत सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिलं. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवलं गेलं आणि तासन्‌तास ताटकळलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. लोक त्या पंगतीला हसले. पण सरकारी चौकशीत बोट ठेवलं गेलं ते एका साध्या गोष्टीवर. विमानाला इमारतीला लागून जागा न देता लांबचा तळ दिला होता. जवळ लागलं असतं तर माणसं पुलावरून आत गेली असती, तोंड धुतलं असतं, संडासला जाऊन आली असती. जमिनीवर फतकल मारायची वेळच आली नसती. कंपनी आणि विमानतळ, दोघांनाही दंड झाला.

तिकिटाचा तपशील कधी उघडून बघा. मूळ भाड्याखाली यूडीएफ नावाची एक ओळ असते. ते विमानतळाच्या सोयींसाठी प्रवाशाकडून घेतलेले पैसे. पूल मिळाला काय आणि बस मिळाली काय, ती रक्कम तेवढीच. पुलातून गेलेल्याला काही जास्त पडत नाही, भिजत गेलेल्याला काही परत मिळत नाही. ही ओळ दिसल्यापासून मी एवढंच करतो, की विमान शिडीचं असेल असं वाटलं तर शेवटच्या रांगांमधली जागा घेतो. तिथं सीट मागे रेलत नाही, स्वच्छतागृहासमोरची रांग कोपराला लागते, चहाची गाडी पोचेपर्यंत सँडविच संपलेलं असतं. पण मागच्या शिडीवर गर्दी कमी असते आणि पाच-सहा पायऱ्या चढून क्षणभर थांबलं तर मागून कुणी ढकलत नाही.