तुम्ही विचारलंत म्हणून: डबा असताना अव्होगाड्रो कशाला?

स्टाफरूममध्ये, सुपरव्हिजनला, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही तेच: ‘मॅडम, रेणूंच्या मॉडेल्सचा डबा आहे ना कपाटात? मग ते रेणू काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर, अव्होगाड्रो, कशाला?’

डबा आहे. एकच. त्यात काळे कार्बन अकरा उरलेत आणि वर्गात साठ मुलं. इतकी वर्षं मी हेच उत्तर देत आले. 2015 साली क्रोमने जावाचं प्लगइन बंद केलं आणि माझी जेमॉलची (ब्राउझरमध्ये रेणू दाखवणारा जावा प्रोग्रॅम) पानं उघडेनात, तेव्हा तुम्ही हसलात. जेएसमॉलवर, म्हणजे त्याच्याच जावा न लागणाऱ्या आवृत्तीवर, ती परत चालू केली, ते कोणी विचारलं नाही. असो.

खरं सांगायचं तर एक तास अजून सलतो. एस.वाय.ला सायक्लोहेक्झेन. प्रोजेक्टरवर अव्होगाड्रोत सहा कार्बनांचं कडं काढलं, ऑप्टिमाइझ केलं, म्हणजे कमी ऊर्जेचा आकार शोधायला लावला. रेणू थरथरला, वळला, थांबला. ‘ही बघा चेअर,’ मी म्हणाले. चेअर म्हणजे या कड्याचा खुर्चीसारखा, सगळ्यांत स्थिर आकार. मागून एक मुलगी उठली. ‘मॅडम, हे पिळल्यासारखं दिसतंय.’ ‘बाजू बदलली की दिसेल, बस,’ म्हणत मी रेणू फिरवला. पुन्हा फिरवला. ट्विस्ट-बोट होती, पिळलेल्या होडीसारखा आकार. सॉफ्टवेअर ऊर्जेच्या उताराने खाली येतं आणि पहिला खड्डा लागला की तिथेच बसतं. चेअर मोलमागे सुमारे 23 किलोज्यूल आणखी खाली, पण मधली टेकडी ते आपणहून चढत नाही. हे मला माहीत होतं. तरी पडद्याकडे नीट न बघताच बोलले, कारण चेअरच येणार हे मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी एक कार्बन माउसने ओढला, पुन्हा ऑप्टिमाइझ केलं, चेअर आली. दोन्हींच्या एनर्जी फळ्यावर लिहिल्या. तिची माफी मात्र मागितली नाही. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे तुमचं बरोबर? छे. डब्यातल्या कड्याने मला कधी असं उघडं पाडलं नसतं. मी वळवीन तसं ते वळतं. पण पूर्वी मी सगळ्यांना सांगत सुटायचे की मुलांना आता रेणू ‘खरा’ दिसतो, ते मागे घेते. एक्सवायझेड फाईलमध्ये फक्त अणू आणि त्यांच्या जागा, बंध नसतातच. अणूंमधलं अंतर बघून बंधांच्या कांड्या प्रोग्रॅम काढतो. आणि चेअरची बोट करताना डब्यातलं कडं बोटांना जो झटका देतं, तो माउसला लागत नाही.

परवा डबा काढला. एक कडं झालं. दुसऱ्याला एक कार्बन कमी पडला.