उजव्या कडेची जागा

“लंबा दाहिने, छोटा बाएँ” असा हुकूम झाला आणि मी सगळ्यांत उजवीकडे जाऊन उभी राहिले. महिला होमगार्डच्या आमच्या तुकडीत माझ्याएवढी उंच दुसरी कुणी नव्हती. वडूजच्या 26 जानेवारीच्या संचलनात माझी जागा अशी ठरली. त्या कडेचीनं पाऊल चुकवलं की अख्खी तुकडी चुकते, हे कळल्यावर रात्री झोप लागेना.

पस्तिसाव्या वर्षी मी होमगार्डात भरती झाले. भरतीला 800 मीटर धावायचं होतं, गोळाफेक होती. शेतात राबणारीला ते जड गेलं नाही. जड गेलं ते चालणं. मूठ बंद, कोपर ताठ, हात खांद्यापर्यंत वर. लग्न झाल्यापासून एक हात पदराला आणि एक पिशवीला, अशीच मी बाजारातून चाललेली. हात वर जाईच ना, आणि गडबडले की डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढं यायचा. आमचे प्रशिक्षक ओरडले नाहीत. म्हणाले, “ताई, हाताकडं बघू नका. शेजारणीची टाच ऐका.” त्यांनी मैदानावर चुन्याच्या आडव्या रेघा मारून दिल्या. प्रत्येक रेघेवर एक टाच. चार दिवसांनी हात आपोआप जागेवर आला.

संध्याकाळी धारा काढून झाल्या की पाणंदीत सराव करायचे. सासूबाई बांधावर बसून मोजायच्या, “डावा, उजवा, डावा.” त्यांचं माहेर जयराम स्वामींचं वडगाव. 9 सप्टेंबर 1942 ला तिथून तिरंगा घेऊन वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. सासूबाईंनी हे त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. एकदा मी कंटाळून खाली बसले तर म्हणाल्या, “त्यास्नी कुणी कवायत शिकिवली न्हवती, तरी मागं फिरली न्हाईत. ऊठ.”

नवे बूट घेणाऱ्या बायांना एक सांगते. ते आठ दिवस आधी घरातच वापरा, आत दोन मोजे घाला. मी ते केलं नाही. रंगीत तालमीला टाच सोलून निघाली आणि 26 तारखेला कापूस, पट्टी लावून उभी राहिले.

ध्वजारोहण सव्वानऊचं, आम्ही सातपासून मैदानावर. थंडी मरणाची. बराच वेळ सावधानमध्ये उभं राहिलं की चक्कर येते, म्हणून बुटातल्या बुटात बोटं हलवत राहायची. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, आणि छातीत जे भरून आलं ते मला सांगता येत नाही.

मग संचलन. पुढं पोलीस, मागं आम्ही, आमच्या मागं शाळेची पोरं. मंच जवळ आला आणि हुकूम आला, “दाहिने देख!” सगळ्यांच्या माना उजवीकडं वळल्या. उजव्या कडेचीनं मात्र मान वळवायची नसते. तिनं समोरच बघायचं, म्हणजे रांग सरळ राहते. झेंड्याच्या इतक्या जवळून मी गेले, पण त्या क्षणी तो मला दिसला नाही.

समोर फाटकाशी गर्दी होती. गर्दीत सासूबाई, चप्पल काढून उभ्या. त्यांचे ओठ हलत होते. डावा, उजवा, डावा.